झाकणावरचं नाव

कामशेतच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त वेळा 'नको' म्हणणारा माणूस मात्र दुकानात नोकरीला नव्हता. दस्तगीरचाचा आमच्या पायरीवर बसायचे. एका बाजूला नाव घालायचं मशीन, दुसऱ्या बाजूला पाण्याची बादली, पुढ्यात एक शहाबादी फरशी आणि मांडीवर पोत्याचा तुकडा. आत भांडं घेतलं की गिऱ्हाईक बाहेर येऊन त्यांच्यापुढे उकिडवं बसायचं आणि म्हणायचं, "नाव घाला." चाचा भांडं हातात घ्यायचे. मग कधी त्यावर नाव पडायचं, कधी भांडं परत दुकानात यायचं.

मी पुण्याहून लग्न होऊन इथे आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, मला आठवड्याभरातच गल्ल्यावर बसवलं. धंद्याबद्दल त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "पायरीवरच्या माणसाशी वाद घालू नकोस. मी तीस वर्षं घालतोय."

आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव लागतं. मामाचा हंडा असेल तर मामाचं, मित्रमंडळाची परात असेल तर मंडळाचं. नाव नसलेलं भांडं दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. त्यामुळे लग्नसराईत पायरीवर रांग लागायची, आणि रांगेतल्या प्रत्येकाला चाचांची परीक्षा चुकत नसे. ते भांडं फरशीवर ठेवून एका बोटाने टोकायचे. तळ जरा जरी नाचला तरी बाजूला. कडेवरून अंगठा फिरवायचे. कानाची रिबिटं हलवून बघायचे. पाणी भरून ठेवायचे आणि तोवर पुढच्या माणसाचं भांडं घ्यायचे. शेवटी बोटाच्या पेराने वाजवून कान लावायचे, आणि चेहऱ्यावरची माशी हलू न देता निकाल सांगायचे. "ह्याच्यावर नाव घालू नका. नावाला कमीपणा येईल."

"अहो, पण भांडं चांगलं चकाकतंय की," गिऱ्हाईक म्हणायचं.

"चकाकतंय. उद्या बी चकाकंल. परवा तळाला भोक पडंल, मंग भोक चकाकंल."

ही सवय त्यांना देहूरोडच्या लष्करी डेपोत लागली. तरुणपणी तिथे ते हंगामी कामगार होते, अवजारांवर नंबर ठोकायचं काम होतं. तपासणी झाल्याशिवाय नंबर ठोकायचा नाही, असा तिथला नियम. डेपो सुटला, नियम त्यांनी घरी आणला. "एकदा नाव पडलं की भांडं परत घेत न्हाईत," ते मला म्हणाले होते. "म्हंजी नाव घालनाराच शेवटचा तपासनीस. माझ्यामागं कोन हाय?"

माझ्या नवऱ्याने एकदा सुचवलं की चाचांनी आधी माल येतानाच तपासावा, म्हणजे गिऱ्हाइकासमोर शोभा होणार नाही. चाचांनी दोन दिवस माल तपासला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी त्यांना हात जोडून पायरीवर परत पाठवलं, कारण टेम्पोतलं निम्मं सामान टेम्पोतच राहिलं होतं.

मोबाइलवर कसलासा व्हिडिओ फिरला आणि लोक खिशात लोहचुंबक घेऊन दुकानात यायला लागले, तेव्हाची गोष्ट. चिकटलं तर स्टील खोटं, असा सगळ्यांचा पक्का समज. नाणे मावळातला एक ग्रामपंचायत सदस्य सगळ्या मांडणीवरून चुंबक फिरवून आला आणि चाचांसमोर उभा राहिला. "चाचा, तुमच्या शेठचा निम्मा माल बोगस हाय."

चाचांनी चुंबक मागून घेतलं, उलटसुलट पाहिलं. "तुमच्या घरी इंडक्शनची शेगडी हाय का?"

"व्हय."

"तिच्यावर चालनारं प्रत्येक भांडं ह्याला चिकाटतंय. मंग शेगडी बोगस, का ह्ये?"

सदस्य चुंबक घेऊन गेला. जाताना इंडक्शनवर चालणारी एक कढई मात्र घेऊन गेला, आणि चाचांनी तिच्यावर त्याचं नाव घातलं, पदासकट.

लोणावळ्याच्या बंगलेवाल्या मंडळींत चाचांची कीर्ती एका तांब्याच्या बाटलीमुळे पोचली. एका बाईंनी ती ऑनलाइन मागवली होती आणि वर्षभर त्यातलं पाणी आरोग्यासाठी रिकाम्या पोटी पीत होत्या. नातवाचं नाव घालायला त्या गाडी घेऊन खाली आल्या. चाचांनी बुडाशी मशीनचं टोक हलकेच टेकवलं. तांबडा थर निघाला आणि खाली पांढरं स्टील दिसलं. बाईंचा चेहरा उतरला.

"वर्षभर मला बरं वाटत होतं हो," त्या म्हणाल्या.

"मंग वाटू द्या," चाचा म्हणाले. "बाटली गळत न्हाई, ह्ये काय कमी हाय का?"

घरगुती दुरुस्तीचं ज्ञान ते मागितलं तरच द्यायचे, आणि मोजक्या शब्दांत. एकात एक अडकलेले डबे घेऊन बायका यायच्या, कारण नवऱ्यांनी आधीच हातोडी मारून कडा चेपलेल्या असायच्या. चाचा आतल्या डब्यात गार पाणी ओतायचे, बाहेरचा डबा गरम पाण्यात धरायचे, आणि जरा वेळाने दोन्ही डबे मुकाट्याने वेगळे करून हातात द्यायचे. करपलेल्या पातेल्याला घासणी लावलेली त्यांना खपायची नाही. "मीठ-पानी घालून उकळा आन झोपा," एवढंच सांगायचे. झोपेचा भाग आमच्या शेजारीणबाईंना फार पटला होता. पावसाळ्यात आमच्याकडे महिनामहिना ऊन पडत नाही, तेव्हा मिक्सर सुरू होत नाही म्हणून लोक दुरुस्तीला धावायचे. चाचा तो आधी चुलीपासून हातभर लांब, दोन दिवस उबेला ठेवायला लावायचे. दहांतले सात मिक्सर त्यानेच बोलायला लागायचे, आणि दुरुस्तीवाल्याने चाचांशी बोलणं टाकलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या घरात एकाही भांड्यावर नाव नव्हतं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "माझी भांडी मला वळखत्यात."

अशा माणसाच्या हातून चूक झाली, आणि तीही भांडं तपासण्यात नाही.

वडिवळ्याचे बबनराव मुलीच्या लग्नाची खरेदी करायला आले होते. धरणाखाली भाताची खाचरं, किडकिडीत अंग, बोलणं कमी. बाकीची भांडी त्यांनी बायकोवर सोडली आणि कुकर निवडायला स्वतः बसले. दोन तास बसले. मी सगळे कुकर काढून दाखवले आणि शेवटी त्यांनी पहिलाच घेतला, चांगल्या कंपनीचा, पाच लिटरचा, स्टीलचा. चाचांनी पाणी भरलं, तळ टोकला, दांडी हलवली, रिंग बसवून पाहिली, शिट्टीतून फुंकर मारली. "पास," ते म्हणाले.

"झाकनावर घाला," बबनराव म्हणाले. "मोठं घाला. पोरीच्या सासरला, इंदुरीला जायचंय त्ये."

चाचांनी मोठं नाव घातलं. चि. सौ. कां. सुनीता हिस, वडिलांकडून सप्रेम, बबन धोंडिबा, वडिवळे. अक्षर इतकं सुरेख आलं की रांगेतल्या दोघांनी तसंच पाहिजे म्हणून सांगितलं.

तीन महिन्यांनी बबनराव रिकाम्या हाताने आले आणि चाचांच्या पुढ्यात न बसता बाजूला बसले. मग म्हणाले, "कुकर शिट्टीच देत न्हाई, भाऊ. बाजूनं वाफ जाती."

"रिंग बदला."

"दोनदा बदलली."

आणि मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सुनीताची सासू, हिराबाई, रोज दुपारी कुकर चढला की शेजारच्या स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात झाकण वाचायची. वडिलांकडून सप्रेम. बबन धोंडिबा. वडिवळे. एवढंच वाचायची, पुढे एक शब्द बोलायची नाही. त्यामुळे सुनीताला उलटून बोलता येत नव्हतं. पोरगी डाळ पातेल्यात शिजवत होती आणि माहेरी आली की बापाच्या तोंडाकडे बघत नव्हती.

"नाव नसतं घातलं तर बरं झालं असतं," बबनराव म्हणाले. त्यांनी चाचांना दोष दिला नव्हता. चाचांनी तो घेतला.

इंदुरीहून कुकर मागवला. चाचांनी रिंग गार पाण्यात ठेवून पाहिली, तेल लावून पाहिली, उलटी बसवून पाहिली. शेवटी झाकण फरशीवर उपडं घातलं, पलीकडून येणारा उजेड पाहिला आणि कडेखाली एका जागी बारीकशी फट दाखवली. पाण्याने कळत नाही ती खोड वाफेने कळते, म्हणाले. मी कंपनीच्या टोल फ्री नंबरला फोन लावला. ध्वनिमुद्रित बाईने मराठीसाठी तीन दाबायला सांगितलं. चाचांनी फोन माझ्याकडून घेतला. "बाई, जरा थांबा, चष्मा घालतो." बाई थांबल्या नाहीत. पाचव्या फेरीत चाचा मला म्हणाले, "लय घाईत हाय बिचारी. आपनच जाऊ."

तळेगावच्या सर्व्हिस सेंटरला चाचा आणि बबनरावांनी, बिल माझ्या हातचं म्हणून, मलाही नेलं. काउंटरच्या मागे टाय लावलेला एक सभ्य मुलगा होता. त्याने झाकण पाहिलं आणि पुढे काही पाहिलंच नाही.

"यावर कोरीवकाम केलंय. ही छेडछाड धरली जाते. वॉरंटी रद्द."

"कुनी छेडलं?" बबनराव घाबरून म्हणाले.

वॉरंटीच्या कार्डावर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात ते लिहिलेलं होतं. चाचांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ते बाहेर जाऊन टेम्पोत बसले. येताना वाटेत त्यांनी एकच विचारलं. "पस्तीस वरसं मी नाव घालतोय. किती कुकर आसतील वो, सूनबाई?"

मला आकडा माहीत नव्हता, आणि असता तरी मी सांगितला नसता. त्या दिवशी मला त्यांची फार दया आली. दोन दिवस पायरी रिकामी होती. त्या दोन दिवसांत आमच्या दुकानात एकही भांडं परत आलं नाही, तरीही अण्णा दर तासाला बाहेर डोकावून पाहत होते.

तिसऱ्या दिवशी चाचा आले ते कुकर गोळा करतच. त्याच कंपनीचे, नाव घातलेले चार कुकर त्यांनी बाजारपेठेतून उसने आणले होते. एक तर आमच्याच स्वयंपाकघरातून, आतल्या भातासकट उचलला होता. शिवाय एक स्टोव्ह. बबनराव त्यांच्या कुकरासह वडिवळ्याच्या रस्त्यावर येऊन थांबले होते. आम्ही तिघं आणि पाच कुकर परत तळेगावला गेलो.

"नाव घातल्यानं वाफ जाती का, एवढंच बघायचंय," चाचा त्या मुलाला म्हणाले आणि काउंटरशेजारच्या टेबलावर स्टोव्ह पेटवला.

मुलगा नको नको म्हणेपर्यंत पहिला कुकर चढला होता. सप्रेम भेट, नवनाथ तरुण मंडळ. त्याने शिट्टी दिली. मग कै. भागूबाईंच्या स्मरणार्थ. तिनेही दिली. मग माझ्या आत्यांचा, मग पोस्टातल्या सहकाऱ्यांचा. चौघांनीही शिट्ट्या दिल्या. बबनरावांच्या कुकराने बाजूने फुस्स केलं आणि गप्प राहिला. एसी लावलेल्या त्या बंद खोलीत आता इतकी वाफ झाली होती की काचेपलीकडचा रस्ता दिसत नव्हता.

मुलाने सगळं लक्ष देऊन पाहिलं. मग वही ओढली आणि झाकणांवरची नावं एकेक करून उतरवून घेतली. "म्हणजे या चारही कुकरांची वॉरंटी रद्द झाली," तो म्हणाला.

चाचा पुरावा द्यायला गेले आणि चार घरांची वॉरंटी घालवून बसले. पण तोवर बाकावर बसलेली मंडळी उठली होती. प्रत्येकाच्या पिशवीत कुकर होता आणि प्रत्येक झाकणावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. एक बाई म्हणाली, "आमच्यावर तर चुलत्याचं, मामाचं, दोघांचं हाय. मंग डबल रद्द का?" मुलगा आत गेला, फोनवर बराच वेळ इंग्रजीत बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, "विशेष बाब म्हणून देतो बदलून. स्टोव्ह आधी बंद करा. जुना पीस इथे जमा होईल, त्याची भंगारात विल्हेवाट लागते."

बबनराव खूश व्हायला हवे होते. ते झाकण हातात धरून उभे राहिले. "भंगारात माझं नाव जानार," ते हळूच म्हणाले.

चाचांनी ते झाकण त्यांच्या हातातून घेतलं, खिशातून पॉलिश पेपर काढला आणि तिथेच जमिनीवर बसून नाव घासायला लागले. अर्धा तास घासत होते. आधी वडिवळे गेलं, मग बबन धोंडिबा, मग सप्रेम. स्वतःच्या हातचं नाव पुसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. सुनीताचं नाव शेवटी पुसलं. बाकावरची मंडळी वाकून बघत होती, टाय लावलेला मुलगासुद्धा. झाल्यावर त्याने फॉर्म भरायला घेतला. उत्पादनावर कोरीवकाम आहे का, असा त्यात प्रश्न होता. मुलाने झाकण वर धरून नीट न्याहाळलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं, नाही.

नवीन कुकर चाचांनी तिथेच पाणी घालून वाजवून घेतला. बाहेर आल्यावर बबनराव म्हणाले, "आता ह्याच्यावर घाला."

"पाच वरसं वॉरंटी हाय. पाच वरसांनी घालू."

"मंग आतल्या डब्यावर तरी घाला."

"आत कोन बघतंय?" चाचा म्हणाले, आणि ते बबनरावांनाही पटलं. बिननावाचा कुकर इंदुरीला गेला. शिट्टी वेळेवर द्यायला लागला. हिराबाईला वाचायला काही उरलं नाही.

त्यानंतर पायरीवर माझ्या हातची पाटी लागली, वॉरंटी असलेल्या वस्तूंवर नाव घातले जाणार नाही. लोक वैतागले. काही जण थेट वडगावला जाऊन नाव घालून आले. चाचांनी पाटी काढली नाही. हळूहळू त्यांची नजरही कमी झाली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं डॉक्टर पुढे ढकलत राहिले, आणि एका पावसाळ्यात ते पायरीवर आलेच नाहीत. मशीन त्यांनी घरी नेलं.

परवाच्या दिवाळीनंतर एक ठेंगणी, ठणठणीत म्हातारी फडक्यात बांधलेला कुकर घेऊन दुकानात आली. "नाव घालनारं कुटं हायती?" तिने विचारलं. इंदुरीची हिराबाई. मी तिला मशिदीमागच्या बोळात चाचांच्या घरी घेऊन गेले.

चाचा खाटेवर बसले होते. हिराबाईने फडकं सोडलं आणि आधी कार्ड पुढे केलं. "वॉरंटी गेल्या म्हैन्यात सरली. ही बाई वाचून दावील."

मी वाचलं. संपली होती.

"कुनाचं घालायचं?" चाचांनी विचारलं.

"सुनंच्या बापाचं. बबनरावांचं."

"कसा हाय बबन?"

"गेलं. भात काढनीला आठ दिस ऱ्हायलं हुतं." तिने माझ्याकडून कार्ड परत घेतलं. "मी त्यांना लय बोलले न्हाई, पर जे केलं त्ये केलं. पोर आता झाकन पुसती आन मधीच तिचा हात थांबतो. मला बघवत न्हाई."

चाचांनी झाकण मांडीवर घेतलं. "कुकर तपासायचा का आधी?" मी विचारलं.

"पाच वरसं शिजवतोय. त्यानंच आपल्याला तपासलं," ते म्हणाले आणि मशीन लावलं.

डोळे जवळजवळ मिटलेले, डाव्या हाताचा अंगठा पुढे सरकवत ते एकेक अक्षर घालत गेले. पहिली दोन अक्षरं सरळ आली. पुढची ओळ हळूहळू खाली उतरत गेली, आणि वडिवळे तर झाकणाच्या कडेशीच जाऊन टेकलं. त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिलं. त्यांना कळलं. "वाकडं आलं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

हिराबाईने झाकण दारात उजेडाला धरलं. "आसू द्या," ती म्हणाली. "त्ये बी भात लावून लावून वाकलंच हुतं."

तिने कुकर फडक्यात बांधला, झाकण मात्र आत ठेवलं नाही. ते उघडंच, नाव वर करून, दुसऱ्या काखेत घेतलं आणि बोळातून निघाली. चाचा चौकटीला धरून तिच्या पावलांचा आवाज ऐकत उभे राहिले. मशीन त्यांच्या हातात तसंच घरघरत होतं, आणि ते बंद करायचं आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.